मागण्या संपल्या, पक्ष उरला

बेल्जियमच्या पंतप्रधानपदाची शपथ ३ फेब्रुवारी २०२५ रोजी ज्या गृहस्थांनी घेतली, त्यांच्या पक्षाच्या घटनेतले पहिलेच कलम म्हणते की फ्लँडर्स हे स्वतंत्र प्रजासत्ताक व्हावे. ज्या देशाचा गाडा हाकायचा, तोच देश जमेल तसा मोडीत काढायचा, हे बार्ट डे वेव्हर यांच्या एन-व्हीए पक्षाचे लेखी उद्दिष्ट आहे. आपल्याकडे एवढ्या भांडवलावर वृत्तवाहिन्यांनी महिना काढला असता. बेल्जियन माणसाने मात्र खांदे उडवले आणि तो कामाला लागला, कारण डे वेव्हर यांच्या पाठीला पाठ लावून जो दुसरा पक्ष उभा आहे, त्याच्या तुलनेत हे गृहस्थ त्याला सोज्वळ वाटतात. ९ जून २०२४ च्या निवडणुकीत दीडशे जागांच्या लोकप्रतिनिधिगृहात एन-व्हीएला २४ जागा मिळाल्या आणि फ्लाम्स बेलांग या पक्षाला २०. फ्लँडर्सच्या स्वतःच्या संसदेत तर १२४ पैकी दोघांना प्रत्येकी ३१. वेगळा फ्लँडर्स दोघांनाही हवा आहे. पण एकाच्या हाती देशाचे सुकाणू आले आणि दुसरा पस्तीस वर्षे होता तिथेच, म्हणजे वाळीत, राहिला.

फ्लाम्स बेलांगला युरोपातल्या अतिउजव्या पक्षांच्या यादीत टाकून मोकळे होण्याची पद्धत आहे. फ्रान्सच्या ल पेन, हॉलंडचे विल्डर्स, इटलीचे साल्विनी आणि त्यांच्या पंगतीला हे. ते चूक नाही, पण त्यात या पक्षाची मुख्य गंमत निसटते. हा पक्ष भाषेच्या भांडणातून जन्मला, आणि जन्मला तोवर ते भांडण त्याच्या भाषेने जवळजवळ जिंकलेले होते.

भांडण खरे होते, याबद्दल शंका नको. बेल्जियम १८३० मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा दरबार, न्यायालय, सैन्य, विद्यापीठ सगळीकडे फ्रेंच. उत्तरेकडचा शेतकरी जी डच बोले तिला शहरातले फ्लेमिश श्रीमंतही चाकरांची बोली समजत. कायद्याच्या डच मजकुराला फ्रेंच मजकुराइतकीच किंमत मिळायला १८९८ उजाडले. गेंटच्या विद्यापीठात संपूर्ण शिक्षण डचमध्ये सुरू व्हायला १९३०. पहिल्या महायुद्धात फ्रेंच अधिकाऱ्यांचे हुकूम न कळल्यामुळे फ्लेमिश जवान खंदकांत मेले, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. इतिहासकार तिच्यात बरीच अतिशयोक्ती पाहतात. पण डिक्समाउड गावी ८४ मीटर उंचीचा जो ईझर मनोरा उभा आहे आणि जिथे दरवर्षी यात्रा भरत आली, तिथे जाणाऱ्यांना इतिहासकारांशी कर्तव्य नव्हते. दक्षिणेकडच्या फ्रेंचभाषक वालोनियात कोळसा आणि पोलाद होते, म्हणून पैसाही तिकडेच होता. फ्लेमिश मजूर पोटासाठी त्या खाणींत जात.

मग पारडे फिरले. खाणी बंद पडत गेल्या, अँटवर्पचे बंदर वाढत गेले, आणि १९६० च्या दशकात फ्लँडर्स वालोनियापेक्षा श्रीमंत झाला. लोकसंख्येत डचभाषक बहुसंख्य होतेच. १९६२-६३ मध्ये देशाच्या नकाशावर भाषेची सीमारेषा कायद्याने आखली गेली. रेषेच्या वर कारभार डचमध्ये, खाली फ्रेंचमध्ये, पूर्वेच्या एका कोपऱ्यात जर्मन, आणि ब्रसेल्स दोन्ही भाषांचे. १९६८ मध्ये लूव्हेनचे जुने कॅथलिक विद्यापीठ भाषेवरून फुटले. विद्यार्थ्यांनी रस्ते अडवले, सरकार पडले, आणि फ्रेंच शाखेला वालोनियात नवे गाव वसवून तिकडे धाडण्यात आले. ग्रंथालयाची वाटणी करताना विषम क्रमांकाची पुस्तके एकाकडे आणि सम क्रमांकाची दुसऱ्याकडे अशी तोड निघाली. भाऊबंदकीत भांडीकुंडी वाटून घेतानाही माणसे यापेक्षा जास्त विचार करतात. पुढे १९७० पासून एकामागून एक घटनादुरुस्त्या झाल्या आणि १९९३ मध्ये घटनेच्या पहिल्या कलमाने देश संघराज्य असल्याचे जाहीर केले. फ्लँडर्सला संसद मिळाली, मंत्रिमंडळ मिळाले, शाळा मिळाल्या, दूरदर्शन मिळाले.

या सगळ्या घडामोडींच्या मध्येच, १९७८ मध्ये, कारेल डिलन यांचा फ्लाम्स ब्लोक, म्हणजे आजच्या फ्लाम्स बेलांगचा पूर्वावतार, जन्मला. निमित्त होते आदल्या वर्षीच्या एग्माँट कराराचे. फोल्क्सउनी हा जुना फ्लेमिश राष्ट्रवादी पक्ष सत्तेत गेला आणि ब्रसेल्सच्या आसपासच्या फ्रेंचभाषकांना काही सवलती देण्याला त्याने मान डोलावली. डिलन यांच्या गोटाला हा विश्वासघात वाटला. त्या गोटात महायुद्धकाळात जर्मनांशी हातमिळवणी केलेल्यांना माफी मिळावी म्हणून झुरणारे बरेच होते, हेही नोंदवायला हवे. थोडक्यात, ज्यांना आणखी हवे होते आणि जे मिळाले त्याने ज्यांचे समाधान होणे शक्यच नव्हते, त्यांचा हा पक्ष.

पण आणखी म्हणजे काय? इथे त्यांची पंचाईत झाली. भाषेचे कडवे काम फ्लँडर्सचे सभ्य पक्षच इतक्या चोखपणे करत होते की ब्लोकला करण्यासारखे फारसे शिल्लक नव्हते. ब्रसेल्सला खेटून असलेले लिंकेबेक हे छोटे गाव पाहा. जमीन फ्लँडर्सची, राहणारे बहुतेक फ्रेंचभाषक. अशा सहा गावांतल्या रहिवाशांना कारभार फ्रेंचमध्ये मागण्याची कायदेशीर मुभा आहे. फ्लेमिश सरकारने १९९७ मध्ये परिपत्रक काढले: फ्रेंच कागद हवा असेल तर प्रत्येक वेळी नव्याने मागायचा. कराची सूचना आली, मागा. मतदानाची चिठ्ठी आली, पुन्हा मागा. एकदा सांगितलेले कार्यालयाने लक्षात ठेवायचे नाही, असा दंडक. लिंकेबेकच्या निवडून आलेल्या महापौरांनी मतदारांना फ्रेंचमध्ये चिठ्ठ्या पाठवल्या म्हणून फ्लेमिश मंत्र्यांनी त्यांची नेमणूकच रोखून धरली. ज्या मंत्र्याच्या नावाने ते परिपत्रक ओळखले जाते, तो समाजवादी होता. अतिउजव्या पक्षाने याहून काय वेगळे केले असते?

तेव्हा नवे गिऱ्हाईक शोधणे भाग होते, आणि ते दाराशीच होते. त्याची गोष्ट वालोनियातल्या मार्सिनेल खाणीपासून सुरू होते. ८ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे लागलेल्या आगीत २६२ खाणकामगार मेले, त्यांतले १३६ इटालियन. इटलीने माणसे पाठवण्यावर हात आखडता घेतला. मग बेल्जियमने १९६४ मध्ये मोरोक्को आणि तुर्कस्तानशी मजूरभरतीचे करार केले, आणि बायकामुलांनाही घेऊन या, असे सांगणाऱ्या पुस्तिका छापून वाटल्या. पाहुणे न बोलावता आले, असे आज जे सांगतात त्यांनी त्या पुस्तिका चाळाव्यात. खाणी बंद पडल्या, मजूर राहिले, त्यांची मुले अँटवर्पच्या आणि ब्रसेल्सच्या पडक्या मोहल्ल्यांत वाढली. फिलिप डेविंटर नावाच्या तरुण अँटवर्पकराने हे हेरले. १९८७ च्या निवडणुकीत ‘आपली माणसे आधी’ ही घोषणा आली. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, बॉक्सिंगच्या हातमोज्यांची भित्तिपत्रके लावून, ब्लोक दोन जागांवरून बारांवर गेला. त्या दिवसाला बेल्जियममध्ये काळा रविवार म्हणतात. पुढच्या वर्षी डेविंटर यांनी सत्तर कलमांचा आराखडा काढला. परक्यांना परत पाठवा, त्यांची सामाजिक सुरक्षेची तिजोरी वेगळी करा, असला मजकूर.

इतर पक्षांनी आधीच, १९८९ मध्ये, या पक्षाशी कोणत्याही पातळीवर युती करायची नाही असा करार केला होता. तो लगेच ढिला पडला, पण काळ्या रविवारनंतर पुन्हा आवळला गेला. तेव्हापासून राष्ट्रीय वा प्रांतिक मंत्रिमंडळात या पक्षाचा एकही माणूस बसलेला नाही. न्यायालयानेही आपले काम केले. पक्षाशी निगडित तीन संस्थांना वंशद्वेषविरोधी कायद्याखाली दोषी ठरवणारा निकाल ९ नोव्हेंबर २००४ रोजी सर्वोच्च पातळीवर कायम झाला. पाचव्या दिवशी, १४ नोव्हेंबरला, पक्ष विसर्जित झाला आणि त्याच दिवशी फ्लाम्स बेलांग या नावाने पुन्हा उभा राहिला. नाव बदलले, सत्तर कलमे फडताळात गेली, माणसे तीच. त्याच वर्षी जूनमध्ये फ्लँडर्समध्ये दर चार मतदारांतल्या जवळजवळ एकाने या पक्षाला मत दिले होते, हे इथे सांगितले म्हणजे निकालाने काय साधले आणि काय नाही ते कळेल.

हे सगळे वाचताना मराठी वाचकाला जे आठवायचे ते आठवलेच असेल, तेव्हा ते टाळण्यात अर्थ नाही. मुंबईसह महाराष्ट्र १९६० मध्ये झाला आणि शिवसेना १९६६ मध्ये निघाली. म्हणजे इथेही भाषेचा मोठा लढा आधी जिंकला गेला आणि मग भाषेचा पक्ष आला. राज्य आले पण नोकरी कुठे आहे, हा प्रश्न घेऊन तो आला. तो प्रश्न काही खोटा नव्हता. आधी दाक्षिणात्य कारकून, मग यथावकाश इतर. योगायोग असा की, ज्या १३ डिसेंबर १९८७ रोजी बेल्जियममध्ये ‘आपली माणसे आधी’ला पहिले मतदान झाले, त्याच दिवशी विलेपार्ल्याच्या पोटनिवडणुकीत शिवसेना मराठीपणाकडून हिंदुत्वाकडे वळली. तिथल्या भाषणांवरून विजयी उमेदवाराची निवड न्यायालयाने रद्द ठरवली आणि बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. तिथेही खटला, इथेही खटला. पुढचा रस्ता मात्र वेगळा. शिवसेनेला वाळीत कुणी टाकले नाही. वसंतराव नाईकांच्या काळात तिला ‘वसंतसेना’ म्हणत ते उगाच नाही, १९६८ मध्ये मुंबई महापालिकेसाठी प्रजासमाजवादींनी तिचा हात धरला, आणि नंतरची सोयरीक सर्वांना ठाऊक आहे. सत्तेत बसल्यावर पक्ष निवळतो की सत्ताच गढूळ होते, याचा हिशेब महाराष्ट्राने आपल्या पैशाने करून पाहिला आहे. बेल्जियमने तो प्रयोग केलेला नाही.

वाळीत टाकून बेल्जियमचे भले झाले की नाही, यावर तिथे बारमाही वाद चालतो. प्रस्तुत लेखकाचा कौल वाळीत टाकणाऱ्यांच्या बाजूने आहे. शेजारच्या हॉलंडने विल्डर्स यांना सत्तेच्या पंगतीला बसवून पाहिले; ते सरकार जुलै २०२४ मध्ये आले आणि पुढच्या जूनमध्ये विल्डर्स यांनीच ते पाडले. पण बहिष्काराचीही एक सुस्ती असते. वाळीतल्या पक्षाला मंत्रिमंडळाबाहेर ठेवले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे इतरांना वाटू लागते, आणि त्याच्या घोषणा हळूच आपल्या जाहीरनाम्यात आणायला हरकत उरत नाही. २०१४ मध्ये बेलांग तीन खासदारांवर आला तेव्हा सर्वांनी सुस्कारा सोडला. त्याचा मतदार डे वेव्हर यांच्याकडे गेला होता, एवढेच. मग सरकारात बसलेल्या एन-व्हीएने स्थलांतराचा प्रश्न रोजच्या रोज तापता ठेवला, आणि डिसेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतरविषयक करारावरून तो पक्ष सरकारातून बाहेर पडला. पाच महिन्यांनी निवडणूक झाली. वातावरण एन-व्हीएने तापवले आणि पोळी बेलांगने भाजून घेतली: तिनाचे अठरा.

या अठरांमागे आणखी एक माणूस आहे. टॉम व्हान ग्रिकन हे २०१४ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी अध्यक्ष झाले. बूट-कोट नीटनेटका, आवाज हळू, सभेपेक्षा फेसबुकवर भर. २०१९ च्या प्रचारात फेसबुकवर सर्वाधिक पैसा ओतणाऱ्या बेल्जियन पक्षांत बेलांग आघाडीवर होता. बेल्जियममध्ये पक्षांचा बहुतेक खर्च मते आणि जागांच्या प्रमाणात सरकारी तिजोरीतूनच चालतो, हे लक्षात घेतले म्हणजे देश मोडण्याच्या जाहिरातीचे बिल कोण भरतो ते उमजेल. आर्थिक धोरणही बदलले. ब्लोकच्या काळचा बाजारवाद मागे पडून किमान निवृत्तिवेतन दीड हजार युरो, निवृत्तीचे वय कमी, अशी समाजवाद्यांना लाजवणारी वचने आली. फक्त लाभार्थी कोण, ही अट पूर्वीचीच. मे २०१९ मध्ये राजे फिलिप यांनी व्हान ग्रिकन यांना राजवाड्यावर भेटीला बोलावले. अतिउजव्या नेत्याला असे बोलावणे १९३६ नंतर प्रथमच गेले.

आणि मग निनोव्हे. ब्रसेल्सच्या पश्चिमेला डेंडर नदीकाठचे हे गाव. राजधानीत घरे परवडत नाहीत म्हणून तिथली कुटुंबे, त्यांत आफ्रिकी वंशाची आणि फ्रेंच बोलणारी पुष्कळ, आगगाडीच्या मार्गाने इकडे सरकत आली. गावकऱ्यांची शाळेबद्दलची, दवाखान्याबद्दलची, आपल्या गावच्या दुकानात आपल्याला फ्रेंचमध्ये विचारले जाण्याबद्दलची कुरकुर गी द’हासलेर या बेलांगच्या पुढाऱ्याने पोत्यात भरावी तशी भरून घेतली आणि गावाच्याच नावाने स्थानिक आघाडी काढली. २०१८ मध्ये ३५ पैकी १५ जागा त्यांच्या. इतर पक्षांनी एकत्र येऊन त्यांना बाहेर ठेवले. सहा वर्षे त्यांनी एकच वाक्य सांगितले: तुम्ही निवडले, त्यांनी अडवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ३५ पैकी १८. आता अडवायला कुणी उरलेच नाही आणि बेलांगला आयुष्यातला पहिला नगराध्यक्ष मिळाला. या निनोव्हेत जुने आणि नवे दोन्ही वैरी एकाच माणसात भेटतात, हे ध्यानात घ्यावे. काँगोतून ब्रसेल्सला आणि ब्रसेल्सहून डेंडरकाठी आलेला माणूस परदेशीही असतो आणि फ्रेंचभाषकही. पक्षाला चाळीस वर्षांत इतका सोयीचा शेजारी मिळाला नव्हता.

बेरोजगारी आणि स्थलांतर यांनी असे पक्ष वाढतात, ही सर्वसाधारण समजूत. बेल्जियममध्येच तिला छेद जातो. वालोनियात बेरोजगारी फ्लँडर्सपेक्षा जास्त, स्थलांतरित तिथेही पुष्कळ. तरी तिथे अशा पक्षाचे बस्तान बसत नाही. २०२१ मध्ये ‘शे नू’ नावाचा पक्ष निघाला, त्याच्या पाठीवर बेलांग, विल्डर्स आणि ल पेन या तिघांनी हात ठेवला, आणि २०२४ मध्ये त्याला एकही जागा मिळाली नाही. फ्रेंच माध्यमे अतिउजव्यांना थेट प्रक्षेपणात ध्वनिक्षेपक देत नाहीत, हे एक कारण. दुसरे अधिक खोल: वालोनियाकडे दुखावलेल्या अस्मितेची जुनी यंत्रणाच नाही. फ्लँडर्सकडे यात्रा आहे, गीतमहोत्सव आहे, विद्यार्थी संघटना आहेत, नातवाला आजोबांचा अपमान सांगणाऱ्या घराण्यांच्या साखळ्या आहेत. अन्याय संपला तरी तो सांगण्याची व्यवस्था शाबूत राहिली. देशात बहुसंख्य असलेला, श्रीमंत झालेला, पंतप्रधानपद हाती असलेला समाज अजून अल्पसंख्याकाच्या सुरात बोलतो, तो या व्यवस्थेमुळे. आपल्या देशातही बहुसंख्यांना हा सूर परका नाही.

आणि संघराज्याची रचना त्या सुराला साथ देते. १९६८ ते १९७८ या दहा वर्षांत बेल्जियमचे ख्रिस्ती लोकशाहीवादी, उदारमतवादी आणि समाजवादी असे तिन्ही मोठे पक्ष भाषेवर फुटले. ब्रसेल्स सोडले तर फ्लेमिश मतदार बहुतेक फ्लेमिश पक्षालाच मत देतो आणि वालोनियाचा फ्रेंच पक्षाला. डाव्या कामगार पक्षाचा अपवाद वगळता दोन्ही भाषांकडून जागा मिळवणारा पक्षच नाही. मंत्रिमंडळात दोन्ही भाषांचे मंत्री समसमान असावेत असे घटना सांगते, पण त्यांतल्या कुणालाही पलीकडच्या माणसापुढे हात जोडावे लागत नाहीत. मग पलीकडच्याला शिव्या देण्यात तोटा कसला? २००५ च्या जानेवारीत डे वेव्हर यांनी खोट्या नोटांनी भरलेल्या ट्रकांचा ताफा वालोनियातल्या स्त्रेपी-त्यू या प्रचंड बोट-उद्वाहकापाशी नेला होता. फ्लँडर्सचा पैसा दक्षिणेकडे कसा वाहतो ते दाखवायला. तो तमाशा करणारा माणूस आज वालोनियाचाही पंतप्रधान आहे, आणि त्याच्या मागे उभे राहून ‘हा मवाळ झाला’ म्हणणारा पक्ष वीस खासदारांचा आहे. चढाओढीचे हे यंत्र भाषक प्रांतांनी आपल्या हातांनी बसवले. आपल्याकडे निदान लोकसभेसाठी मुंबईत मत मागणाऱ्याला गुजराती, उत्तर भारतीय, तेलुगू सगळ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. भिवंडीत तर आणखी. ही गैरसोय फार मोलाची आहे.

बेलांगला विचारण्यासारखा प्रश्न एकच आहे, आणि तो ब्रसेल्सचा. स्वतंत्र फ्लँडर्सची राजधानी ब्रसेल्स, असे पक्ष सांगतो. फ्लेमिश संसद आजही तिथेच बसते. पण त्या शहरात डच घरात बोलणारे थोडके. शहराच्या ८९ जागांच्या संसदेत १७ जागा डचभाषक गटासाठी राखून ठेवल्या आहेत, आणि सरकार चालवायला दोन्ही गटांत बहुमत लागते. २००४ मध्ये ब्लोकने हिशेब केला: १७ पैकी ९ मिळाल्या तर ब्रसेल्स ठप्प. मतदाराने कोणत्या गटासाठी मत द्यावे यावर बंधन नाही. म्हणून फ्रेंचद्वेषावर पोसलेल्या या पक्षाने माजी पोलिस आयुक्त योहान डेमोल यांना पुढे करून ब्रसेल्सच्या फ्रेंचभाषकांकडे फ्रेंचमध्ये मते मागितली. सहा जागा आल्या. नऊ आल्या असत्या तर काय झाले असते, याची कल्पना न केलेली बरी.

युक्ती उघड झाली, तेव्हा ती इतरांनाही वापरता येणारच. २०२४ मध्ये फुआद अहिदार या मोरोक्कन वंशाच्या, पूर्वी समाजवादी पक्षात असलेल्या, उत्तम डच बोलणाऱ्या पुढाऱ्याने स्वतःची यादी डच गटातूनच उभी केली. डोक्यावरचा रुमाल आणि धार्मिक पशुवध हे त्यांचे मुद्दे, मतदार बराचसा फ्रेंच बोलणारा मुसलमान. फ्लेमिश अल्पसंख्याकांसाठी राखलेल्या त्या १७ जागांपैकी अहिदार यांना तीन मिळाल्या. फ्लाम्स बेलांगला दोन.